जबड्याच्या ऑपरेशनसाठी कॉम्प्युटर प्लॅनिंग: खर्च करावा की नको?

खडीसाखर
नमस्कार मंडळी. इथे बरेच डॉक्टर आणि तांत्रिक क्षेत्रातले लोक आहेत म्हणून धागा काढतेय. माझ्या धाकट्या भावाला (वय २४) खालच्या जबड्यात उजव्या बाजूला अमेलोब्लास्टोमा निघालाय. बायोप्सी झाली, कॅन्सर नाही, हे आधीच सांगते. पण गाठीने हाड आतून पोखरलंय, दाढा हलतायत आणि गाल बाहेरून फुगलेला दिसतो. जबड्याचा तेवढा भाग काढून पायातलं फिब्युला हाड तिथे बसवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. इथवर आम्हाला समजलं.

घोळ पुढे आहे. एका हॉस्पिटलमध्ये म्हणाले, कॉम्प्युटरवर आधी सगळं ऑपरेशन आखून घेऊ, त्याप्रमाणे कापायचे साचे आणि हाडं धरून ठेवणारी धातूची प्लेट बनवून येईल. त्याचा खर्च वेगळा, आणि आकडा ऐकून बाबा गप्पच झाले. दुसरीकडच्या डॉक्टरांनी हसून सांगितलं, आम्ही वर्षानुवर्षं हातानेच करतोय, काही अडत नाही. दोघंही नावाजलेले. आता आम्ही कोणाचं ऐकायचं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा. 'देवावर भरवसा ठेवा' आईकडून रोज ऐकतेय, तेवढं सोडून.

पिंपळपार
हॉस्पिटलांचे नवे धंदे. आधी स्टेंट, मग रोबॉट, आता हे. हाताने होतंय ना? मग झालं तर.

हाडाचा इंजिनीयर
ताई, मी पुण्यात हेच काम करतो. मेकॅनिकल इंजिनीयर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे ऑपरेशन कोणतं करावं यावर बोलणार नाही. आम्ही नेमकं काय करतो ते सांगतो, मग पैशाकडे येऊ.

फिब्युला म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड. अंगाचं वजन मुख्यतः नडगी पेलते, म्हणून हे काढता येतं. वर गुडघ्याजवळ आणि खाली घोट्याजवळ सहा-सात सेंमी शिल्लक ठेवतात आणि मधलं वापरतात. हे हाड सरळ, जबडा वळलेला. त्यामुळे फिब्युलातून पाचरीच्या आकाराचे तुकडे उडवून त्याला वळण द्यावं लागतं, सुतार चौकटीचा कोपरा जुळवताना लाकूड तिरकं कापतो तसं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड हिडाल्गो यांनी जबड्यासाठी ही पद्धत प्रसिद्ध केली. तेव्हापासून जगभर हे नजरेच्या अंदाजाने आणि ऑपरेशनमध्ये प्लेट वाकवत होत आलंय, आणि चांगलंच होत आलंय. दुसरे डॉक्टर खोटं बोलत नाहीयेत. अडचण इतकीच की हाडाला लगटून त्याची रक्तवाहिनी जाते, ती सांभाळत करवत चालवायची असते, आणि कोन चुकला तर कापलेलं हाड परत लांब होत नाही.

प्लॅनिंगमध्ये चेहऱ्याचा सीटी स्कॅन घेतात, १ मिमी किंवा त्याहून पातळ कापांचा. पायांची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, वेगळी. त्यातून आम्ही जबडा आणि फिब्युला वेगळे काढून त्रिमितीय मॉडेल तयार करतो. दाढांत चांदी भरलेली असली की स्कॅनमध्ये त्याचे फटकारे उमटतात आणि दातांचा आकार ओळखू येत नाही. मग दातांचा वेगळा स्कॅन घेऊन तो वर बसवावा लागतो. बराच वेळ या साफसफाईतच जातो, पण हॉस्पिटलच्या माहितीपत्रकात हा भाग कधी येत नाही.

नंतर सर्जनबरोबर ऑनलाइन बैठक. स्क्रीन माझी, निर्णय त्यांचे. गाठीपासून किती लांब कापायचं ते सर्जन सांगतात. अमेलोब्लास्टोमा नुसता खरवडला तर पुन्हा उगवतो, म्हणून साधारण १ ते २ सेंमी निरोगी हाडासकट काढतात. मग फिब्युलाचे दोन तुकडे की तीन? एकेक तुकडा किमान दोन सेंमी तरी हवा, नाहीतर त्याला रक्त पुरत नाही. डावा पाय की उजवा? रक्तवाहिनीचं टोक मानेत कुठल्या बाजूला पोचायला हवं यावर ते ठरतं. मी दोन तुकडे लावून दाखवतो, सर्जन म्हणतात 'हनुवटी चपटी दिसतेय, तीन करा'. तीन केले की मधला फार आखूड होतो. मग हनुवटी दोन मिलीमीटर मागे घ्या, कोन थोडा उघडा. असं चालतं. करवतीच्या पात्याची जाडीसुद्धा हिशेबात धरावी लागते, कारण प्रत्येक कापात तेवढं हाड भुशात जातं.

हे ठरलं की साचे छापायचे. एक जबड्याला बसतो, एक फिब्युलाला. त्यांत करवतीसाठी खाचा असतात आणि स्क्रूसाठी भोकं. जबड्याच्या साच्यातली भोकं आणि प्लेटची भोकं एकच ठेवतात. म्हणजे कापायच्या आधी भोकं पाडून घेतली की नंतर प्लेट त्याच भोकांवर बसते आणि जबड्याची दोन्ही टोकं मूळ जागी राहतात. कानासमोरचा सांधा सरकत नाही, दात पूर्वीसारखे मिटतात. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत हुशार गोष्ट हीच आहे.

पिंपळपार, धंदा आहेच, माझं पोट त्यावर चालतं. म्हणूनच सांगतो, 'प्लॅनिंग' म्हणजे एकच पॅकेज नसतं. सर्वांत स्वस्त म्हणजे जबड्याचं मॉडेल छापून घ्यायचं आणि साधी बाजारातली प्लेट त्यावर आदल्या दिवशी वाकवून ठेवायची. हे हजारांत बसतं. त्याच्या वर मॉडेल अधिक कापायचे साचे. आणि सर्वांत महाग, त्या पेशंटसाठीच घडवलेली टायटॅनियम प्लेट. बाबा बहुधा या तिसऱ्या आकड्यावर गप्प झाले असणार. मधला पर्याय विचारा.

खडीसाखर
बापरे, इतकं सविस्तर! आम्हाला पर्याय असे फोडून कोणीच सांगितले नव्हते. साच्यांचा पर्याय विचारते.

टाकेवाला
प्लास्टिक सर्जन आहे, अशी ऑपरेशनं करतो, दोन्ही पद्धतींनी. वरचा प्रतिसाद बरोबर आहे, पण त्यात एक बाजू राहिली.

नवा जबडा जगतो तो शिवलेल्या रक्तवाहिनीमुळे. फिब्युला तिच्या धमनी-शिरेसकट काढून मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतो. वाहिनी दोन-तीन मिलीमीटरची, धागा केसाहून बारीक. ती जोडणी बंद पडली तर कॉम्प्युटरवर कितीही देखणा आखलेला जबडा कचऱ्यात जातो. तेव्हा हॉस्पिटल निवडताना पहिला प्रश्न प्लॅनिंगचा नको. पहिला प्रश्न: अशी रक्तवाहिनी जोडायची ऑपरेशनं तुमच्याकडे नियमित होतात का, आणि पहिले दोन-तीन दिवस रात्री फ्लॅपवर, म्हणजे रक्तवाहिनीसकट आणून लावलेल्या भागावर, नजर कोण ठेवतं? रात्री तीनला फ्लॅप निळा पडला तर ऑपरेशन थिएटर उघडायला माणूस हवा. चांगल्या केंद्रांत शंभरातले नव्वदहून जास्त फ्लॅप तगतात, आणि ते या जागरणामुळे.

आता प्लॅनिंगची बाजू. साचे असले की हाडाचे सगळे काप आम्ही ते पायावर असतानाच, रक्तपुरवठा चालू ठेवून घेऊ शकतो. प्लेटही तिथेच बसवतो. मग वाहिनी तोडून हाड वर न्यायचं आणि जोडायचं. हाड रक्ताशिवाय राहण्याचा वेळ कमी होतो, एकूण ऑपरेशनचाही. यावर बऱ्याच देशांतून अभ्यास आलेत, मात्र त्यातले बहुतेक जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत, हेही लक्षात ठेवा.

पायांची अँजिओग्राफी मात्र साचे घ्या अथवा नको घेऊ, मी टाळत नाही. काही थोड्या लोकांत पावलाला रक्त मुख्यतः फिब्युलाबरोबर काढायच्या त्याच धमनीतून (पेरोनियल) जातं. ती काढली तर पाऊल धोक्यात.

खडीसाखर, तुमच्या भावाच्या केसमध्ये प्लॅनिंगसाठी सगळं अनुकूल आहे. गाठ सावकाश वाढणारी, कुठवर कापायचं ते आधी ठरवता येतं, दोन-चार आठवडे थांबल्याने बिघडत नाही. वय तरुण, चेहरा आणि दात दोन्ही पुढे पन्नास वर्षं वापरायचेत. मी असतो तर साचे घेतले असते. घडवलेल्या प्लेटसाठी कर्ज काढू नका.

बार्शीचा_पाहुणा
धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्या वडिलांना (५८) खालच्या हिरडी आणि गालात कॅन्सर आहे, मावा-तंबाखूचं व्यसन होतं. तोंड दोन बोटंही उघडत नाही. त्यांचाही जबडा काढणार आहेत. आम्हीही हे प्लॅनिंग करायचा आग्रह धरावा का? चुलतभाऊ म्हणतो सगळ्यात भारी तेच करा, पैशाचं बघू.

टाकेवाला
पाहुणे, तुमचं उत्तर वेगळं आहे. आग्रह धरू नका.

हिरडी-गालाचा कॅन्सर आपल्याकडे इतका आहे की तोंडाच्या कॅन्सरच्या ओपीडीत निम्मी रांग त्याचीच वाटते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, रांग काही ओसरली नाही. हा आजार थांबत नाही. स्कॅन काढला, प्लॅन झाला, साचे येईपर्यंत तीन आठवडे गेले, तेवढ्यात गाठ पुढे सरकली, तर ज्या रेषेवर खाच आहे त्या रेषेवर कापणं चूक ठरतं. सर्जन मग साचा बाजूला ठेवतो आणि हाताने करतो. पैसे गेले ते गेलेच, खरा तोटा आठवड्यांचा. ऑपरेशननंतर शेक (रेडिएशन) द्यायचा असेल तर तोही साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असं पाहतात. त्यामुळे पुढेही वेळेची चैन नसते.

शिवाय जबड्याचा मागचा भाग काढला तर दरवेळी हाड लावावंच लागतं असं नाही. छातीच्या स्नायूचा किंवा मांडीच्या कातडीचा फ्लॅप लावून जखम नीट बंद होते, आणि मागच्या भागात अनेकांचं त्यावर बरं भागतं. हनुवटीचा भाग जाणार असेल तर गोष्ट निराळी. तिथे हाड नसेल तर ओठाला आधार राहत नाही, लाळ गळते, जेवता येत नाही. म्हणून डॉक्टरांना हे विचारा: हनुवटीचं हाड जाणार आहे का?

हाडाचा इंजिनीयर
डॉक्टरांशी सहमत. एक भर घालतो. कॅन्सरच्या केसमध्ये करायचंच ठरलं तर आम्ही जबड्याच्या साच्यात एकाऐवजी दोन-तीन खाचा ठेवतो, ऐनवेळी मागे सरकता यावं म्हणून. आणि अलीकडे काही हॉस्पिटलं साचे स्वतःच्या इमारतीत छापतात, मग आठवड्यांचं काम काही दिवसांवर येतं. तिथे करणार असतील तर वेळेचा मुद्दा बराच सैल होतो.

कोडकिडा
स्कॅनवरून मॉडेल बनवायचं थ्री-डी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे ना? त्यात फिब्युला आखायचं 'बोन रिकन्स्ट्रक्शन प्लॅनर' नावाचं एक्स्टेन्शनही आहे. माझ्याकडे प्रिंटर आहे. मग लाख रुपये कशाचे?

हाडाचा इंजिनीयर
स्लायसर उत्तम आहे, मी शिकायला सुरुवात त्यावरच केली. पण ते संशोधनासाठी दिलेलं आहे, पेशंटच्या ऑपरेशनसाठी मान्यता घेतलेलं नाही, असं ते स्वतःच सांगतात. काही सर्जन स्वतःच्या जबाबदारीवर त्यात आखतात आणि नीट आखतात. घरच्या प्रिंटरवर पीएलए प्लास्टिक वापरत असशील. त्याचा साचा निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये घाल, १२१ अंशांची वाफ लागली की खाच वाकडी. पीएलए साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं. थिएटरमध्ये नर्सने साचा काढून ट्रेमध्ये ठेवला तर तो वरवर ठीकच दिसेल, फक्त बसणार नाही. किंवा त्याहून वाईट, चुकीच्या जागी व्यवस्थित बसेल. म्हणून शरीरात चालणारं आणि वाफ सोसणारं रेझिन किंवा नायलॉन लागतं, निर्जंतुक केल्यावर पुन्हा मोजमाप लागतं. साच्यावर डावा-उजवा आणि वरची बाजू कोरून टाकावी लागते. पैसे त्याचे आहेत. थोडे माझ्या घरच्या हप्त्याचे.

भटक्या_जावळी
पेशंटच्या बाजूने. माझा डाव्या बाजूचा जबडा फिब्युलाचा आहे, प्लॅनिंग वगैरे काही नव्हतं, हातानेच. चेहरा समोरून बघितला तर कोणाला कळत नाही, मला आरशात कळतं. त्याबद्दल तक्रार नाही.

सगळे जबड्याचं बोलतायत, पायाचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला मांडीची कातडी लावलीये, तो भाग बधिर आहे. पायाचा अंगठा खाली दाबायची ताकद कमी झाली. चपलेचा अंगठा पकडताना जाणवतं. घोटा सकाळी आखडलेला असतो. वॉकर घेऊन पहिल्याच आठवड्यात चालवलं होतं, आता मी गड चढतो, उतरताना मात्र काठी लागते. भावाला ऑपरेशनच्या आधीच फिजिओकडे न्या. घोट्याचे व्यायाम पाय शाबूत असताना शिकलेले बरे.

आणि घरच्यांनी मनाची तयारी ठेवा: शुद्धीवर आल्यावर गळ्यात श्वासाची नळी असू शकते, नाकात जेवणाची नळी, बोलता येत नाही. वही-पेन उशाशी ठेवा. मोबाइलवर टाइप करणं त्या गुंगीत जमत नाही.

खडीसाखर
दादा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. भाऊ फुटबॉल खेळतो, डाव्या पायाने. डावा पाय घेणार असं म्हणालेत. बदलता येतो का?

टाकेवाला
विचारा. कधी कधी येतो. वाहिनीची दिशा आणि कातडीचा तुकडा तोंडात आत हवा की बाहेर, यावर पाय ठरतो. पण दुसऱ्या बाजूनेही जुळवता येतं का ते बैठकीतच स्क्रीनवर पाहता येईल. फुटबॉलचं सर्जनच्या कानावर घाला. पेशंट सांगत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही.

लीड्सकर
इथे ब्रिटनमध्ये या कामासाठी हॉस्पिटलातच 'रिकन्स्ट्रक्टिव्ह सायंटिस्ट' म्हणून वेगळं पद असतं. मी दंतवैद्य, त्यांच्या शेजारी बसते. भावाच्या दातांबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून.

फिब्युलाची उंची जबड्याच्या निम्म्याच्या आसपास असते. तो जबड्याच्या खालच्या कडेला बसवला तर चेहऱ्याची रेषा सुंदर येते, पण वर दात बसवायला खोल खड्डा राहतो. इम्प्लांट (दातांसाठी हाडात घालायचे स्क्रू) लावले तरी वरचे दात लांबुडके होतात आणि कालांतराने त्रास देतात. म्हणून तरुण पेशंटमध्ये आधी दात कुठे हवेत ते ठरवायचं, मग त्यांच्याखाली हाड कुठे हवं ते, आणि शेवटी काप. फिब्युला थोडा वर, प्लेट खालच्या कडेला, किंवा फिब्युला दुमडून दोन थर. हे गणित हाताने करणं फार अवघड आहे. मला विचाराल तर प्लॅनिंगचा खरा उपयोग इथे आहे. चेहऱ्याची ठेवण चांगला सर्जन नजरेनेही साधतो.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये 'जॉ इन अ डे' प्रसिद्ध केलं. गाठ काढणं, फिब्युला, इम्प्लांट आणि वर तात्पुरते दात, सगळं एकाच ऑपरेशनमध्ये. भावाला शेक लागणार नाही, म्हणजे तत्त्वतः तो त्यात बसतो. तेच हवं असं नाही, इम्प्लांट नंतरही घालता येतात. पण बैठकीला दंतवैद्य हवाच. सर्जन आणि इंजिनीयर दोघंच बसले तर जबडा तयार होतो आणि जेवायचं राहून जातं.

हाडाचा इंजिनीयर
हे आमच्याकडे फार वेळा होतं. दंतवैद्याला ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी बोलावतात.

वैनगंगा
आम्ही भंडाऱ्याकडचे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत यजमानांना करोनानंतर म्युकर (काळी बुरशी) झाला, साखर आधीपासूनची. वरचा जबडा अर्धा काढला. बरेच महिने टाळूच्या भोकावर प्लास्टिकची झाकणी, ऑब्च्युरेटर म्हणतात तिला, लावून जेवायचे. पाणी प्यायलं की नाकातून यायचं. रोग परत नाही हे पक्कं झाल्यावर, साखर आटोक्यात आल्यावर, कॉम्प्युटरवर आखून गालाच्या हाडात लांब इम्प्लांट घातले आणि त्यावर दात बसवले. डोळ्याच्या खोबणीच्या इतक्या जवळून ते स्क्रू जातात, प्लॅन बघितल्यावर मला घाम फुटला होता. आता भाकरी खातात. आमच्यासारख्यांना हाडच उरलेलं नसतं, तिथे अंदाजाने करण्यात अर्थ नाही असं डॉक्टर म्हणाले होते.

पिंपळपार
माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण वैनगंगा ताईंचा वाचून गप्प बसतो. योजनेत बसतं का हे?

टाकेवाला
महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसू शकतं. साचे-प्लेटचा खर्च त्यात धरतात का, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, दाखल झाल्यावर नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही त्याच खिडकीवर विचारून घ्या.

खडीसाखर
अपडेट. पहिल्या हॉस्पिटलमध्ये जाऊन आलो. घडवलेल्या प्लेटऐवजी फक्त साचे आणि मॉडेलवर वाकवलेली प्लेट, याला ते तयार झाले, आकडा निम्म्याहून खाली आला. 'हे आधी का नाही सांगितलं' असं बाबांनी विचारलं, त्यावर उत्तर आलं नाही. रात्रीच्या ड्युटीचं विचारलं, फ्लॅप बघायला निवासी डॉक्टर दर तासाला येतात म्हणाले. पायाचं बैठकीत बघणार. दंतवैद्य त्यांचेच आहेत, त्यांना बोलवायचं कबूल केलंय. सीटीची सीडी मागितलीये, आमच्याकडे फक्त फिल्म आणि रिपोर्ट आहे. फिल्मचे फोटो काढून पाठवले तर चालतील का?

हाडाचा इंजिनीयर
नाही चालत. स्कॅन सेंटरमधून डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स, मागा, सीडी किंवा पेनड्राइव्हवर. सगळ्या काप-मालिका द्या म्हणावं, त्यात सर्वांत पातळ कापांची हवीच. पुष्कळदा जाड कापांची तेवढी भरून देतात. आणि स्कॅन काढताना दात पूर्ण मिटलेले नकोत, मध्ये कापसाचा बोळा धरून थोडं अंतर ठेवलेलं असलं तर वरचे-खालचे वेगळे काढता येतात. तसं नसेल तर दातांच्या स्कॅनवर भागवू.

बार्शीचा_पाहुणा
वडिलांचं हनुवटीचं हाड जाणार नाही म्हणाले, मागचाच भाग. छातीचा फ्लॅप लावणार, पुढच्या आठवड्यात तारीख मिळालीये. चुलतभावाला धागा वाचायला दिला. एकच शंका, आमचा सीटी दोन महिन्यांपूर्वीचा आहे. चालेल?

टाकेवाला
नाही. प्लॅनिंग नसलं तरी नाही. दोन महिन्यांत गाठ कुठवर गेलीये ते बघितल्याशिवाय कापायला घेऊ नये. उद्याच डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि नवा स्कॅन तारीख न हलवता बसवा.